मी चिकटवलेले आठ आकडे

आमच्या अमरावतीच्या घरात दर रविवारी दुपारी तीन वाजता एक इंग्रज संगीतकार वाजायला लागायचा, आणि तो वाजत असेपर्यंत कोणी खोकलेलं अण्णांना खपत नसे. अण्णा म्हणजे माझे वडील. गावातल्या एका हायस्कुलात ते संस्कृत शिकवायचे, अंगात खादी घालायचे आणि सरकारला शिव्या द्यायची वेळ आली की मागे नसायचे. तरी हा एक इंग्रज त्यांनी जवळ केला होता. गल्लीतल्या कोणी टोमणा मारलाच तर म्हणायचे, "राज्य त्याहीचं खराब हाय, सूर काहून खराब राहीन?" एवढ्यावर तो माणूस गप्प व्हायचा, नाहीतर चहा प्यायला आत यायचा.

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची वर्षं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. साहेब लोक बदलीवर यायचे, जायचे, आणि जाताना सामान लिलावात काढायचे. कॅम्पातल्या अशाच एका बंगल्यावर अण्णा पुस्तकांचं कपाट बघायला म्हणून गेले आणि पुस्तकासारखा दिसणारा एक जाड खोका घेऊन आले. त्यात चार कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक तबकडी. चार तबकड्यांच्या आठ बाजू, आणि त्या आठ बाजूंवर मिळून एकच लांबलचक रचना, साठ-सत्तर माणसांनी एकत्र वाजवलेली. खोक्याच्या पाठीवर संगीतकाराचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. ते मी इथं लिहीत नाही. आमच्याकडे त्याला सगळे "आपला इंग्रज" म्हणत आणि माझ्या डोक्यात त्याचं तेच नाव राहिलं आहे.

वाजवायचं यंत्र घरात आधीपासून होतं. ते आईचं. चावीचा ग्रामोफोन, मामानं तिला एका दिवाळीला दिलेला. त्यावर ती भजनं ऐकायची, नाटकातली पदं ऐकायची आणि ऐकताना भाजी निवडायची. इंग्रज घरात आल्यापासून आईच्या तबकड्या फळीवर गेल्या. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्याचा राग यायचा, आणि तो राग मी पोटात ठेवायची.

घोळ झाला तो लिलावाच्या आठवड्यातच. बंगल्याचं छप्पर गळकं असावं. खोक्यात पाणी शिरून तबकड्यांच्या मधली गोल लेबलं भिजली होती आणि लगदा होऊन कप्प्यांना चिकटली होती. कुठली बाजू कितवी, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. नेमके तेव्हा अण्णा हिवतापानं पडलेले. घोंगडीतूनच त्यांनी मला सांगितलं, "चिठ्ठ्या बनव. एकपासून आठपर्यंत आकडे टाक. बराबर क्रमानं टाकजो."

मी तेरा वर्षांची होते. वहीचा कागद गोल कापला, बाभळीचा डिंक लावला. पहिल्या कप्प्यातली ती पहिली तबकडी. तिची वर दिसणारी बाजू एक, पालथी केली की दोन. दुसऱ्या तबकडीला तीन आणि चार. तिसरीला पाच आणि सहा. चौथीला सात आणि आठ. आईची प्रत्येक तबकडी आम्ही अशीच वाजवायचो, आधी एक बाजू, मग तिची पाठ. तबकडीच्या गुळगुळीत भागात टाचणीनं ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते, त्यांचा माझ्या आकड्यांशी मेळ बसत नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण कारखान्याचं काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं. ताप उतरल्यावर अण्णांनी विचारलं, "क्रम ठीक लावला ना?" मी "हो" म्हणाले. नाही म्हटलं असतं तर आठही चिठ्ठ्या खरवडून पुन्हा चिकटवाव्या लागल्या असत्या, आणि मला खेळायला जायचं होतं.

त्या "हो"वर सात वर्षांचे रविवार उभे राहिले.

हळूहळू ऐकायला माणसं यायला लागली. पाच-सात शिक्षक, एक-दोन वकील, आणि शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे बागाईतदार. त्यांना आम्ही बागवाले काका म्हणायचो. त्यांचं अमरावतीत आडतीवर काम असायचं, ते आटोपून संत्र्यांची टोपली घेऊन यायचे आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे. चावी द्यायचं, सुई बदलायचं आणि बाजू पालटायचं काम माझ्याकडे. अण्णांनी कुठल्याही पुस्तकाच्या मदतीशिवाय, नुसत्या कानानं, त्या रचनेचा अर्थ लावला होता. पहिल्या बाजूला खालच्या सुरातली व्हायोलिनं, संथ. दुसऱ्या बाजूला एकदम पितळी वाद्यांचा कडकडाट, नगारे, सगळा थाटमाट, आणि मग एक लांब, भरगच्च सूर. पुढं हा जोर कमी-जास्त होत जायचा. आठव्या बाजूच्या शेवटी तर सगळी वाद्यं गप्प व्हायची आणि बासरीसारखं एकच वाद्य काहीतरी विचारल्यासारखं वर चढायचं. तिथंच तबकडी संपायची.

अण्णा हात वर करायचे. कोणी हलायचं नाही. मग ते शाळेत बोलायचे तशा शुद्ध मराठीत सांगायचे, "आधी गृहस्थाश्रम, त्याचा सगळा डामडौल. मग एकेक गोष्ट सुटत जाते. शेवटी उरतो एक प्रश्न, आणि हा मनुष्य उत्तर देत नाही. इंग्रज असून त्याला संन्यास कळला." बागवाले काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा ते म्हणाले, "मास्तर, कलम बांधल्यावानी वाटते पाहा. बांधून तं ठेवलं, पन कधी फुटन थे सांगता येत नाही." अण्णांना ते इतकं आवडलं की पुढं ते स्वतःच सगळ्यांना सांगायला लागले.

खोटं कशाला सांगू, मलाही तो शेवट आवडायचा. सुई उचलायला मी मुद्दाम उशीर करायची.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकायची. पुरुषांच्या बैठकीत तिनं बोलायचा प्रश्न नव्हता, पण एका रविवारी ती बोलली. तबकडी संपली होती, अण्णांचा हात अजून खाली आला नव्हता.

"हे संपलं नाही जी," ती म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"मधातच थांबून राह्यलं थे. अन् ते मोठं वाजवनं पहिलेच कसं येते? वरात आधी काढली अन् साखरपुडा मागून करून राह्यले, असं लागते मले. काहीतरी उलटंपालटं हाय."

अण्णांचा चेहरा मला दिसत होता. चिडले नाहीत ते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "ह्यांना शेवटी आरती लागते. प्रसाद वाटल्याशिवाय संपलं असं वाटत नाही. अहो, हे काही हळदीकुंकू नाही!"

सगळे हसले. आई आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि आत गेली. पुढच्या रविवारी उंबऱ्याशी तिचा पाट नव्हता. चहा माझ्या हाती बाहेर यायला लागला. त्यानंतर ती तीन वर्षं होती, आणि तीन वर्षांत तिनं इंग्रज एकदाही ऐकला नाही. तो सुरू झाला की ती मागच्या दारी जाऊन धुणं तरी घ्यायची, नाहीतर तुळशीपाशी बसून राहायची. मग विषमज्वराच्या साथीत ती गेली.

ती गेल्यावर रविवार दोन महिने बंद होते, मग पुन्हा सुरू झाले. आता अण्णा शेवटचा प्रश्न वाजून झाला की पूर्वीपेक्षा जास्त वेळ हात वर ठेवायचे. त्यांच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं. शाळेत त्यांना डावलून दुसऱ्याला मुख्याध्यापक केलं होतं, मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते, आणि पेन्शनीनंतर कोण ओळख ठेवतं, हे ते रोज एकदा तरी म्हणायचे.

अशात अकोल्याहून पत्र आलं. तिथले एक वकील विलायतेहून शिकून आलेले, त्यांनी कुणाकडून तरी आमच्या रविवारांबद्दल ऐकलं होतं. वाचनालयाच्या सभागृहात अण्णांनी यावं, ही रचना ऐकवावी आणि समजावून सांगावी. अण्णांना त्यांच्या उभ्या आयुष्यात मिळालेलं ते पहिलं बोलावणं. त्यांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, बागवाले काकांना वाचून दाखवलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग पंधरा दिवस भाषण लिहिलं. गृहस्थाश्रम, वानप्रस्थ, संन्यास, सगळं बाजूवार, माझ्या आकड्यांप्रमाणे.

थंडीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं अकोल्याला पोचलो, अण्णा, मी आणि बागवाले काका. बडनेऱ्याला गाडी बदलताना काकांनी तबकड्यांचा खोका लेकरासारखा छातीशी धरला होता. वकीलसाहेबांचं घर मोठं होतं, विजेचे दिवे होते. त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला. उद्याच्या सभेला एक निवृत्त जज्जसाहेब येणार होते, त्यांनी हीच रचना विलायतेत प्रत्यक्ष ऐकली होती. ते ऐकून अण्णा एवढे खूश झाले की जेवताना भाकरी हातात तशीच राहिली. "आता कोनीतरी जानकार भेटन," ते मला हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बागवाले काकांना घेऊन बाळापूर वेशीकडे फिरायला गेले. वकीलसाहेबांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. "बाई, तुमीच तबकड्या लावता म्हणे. हे यंत्र पाहून घ्या. सभेत हेच नेऊ. चावी नाही, काही नाही, विजेवर चालते."

पेटीएवढं मोठं यंत्र होतं ते. त्यांनी त्याच्या उभ्या दांडीवर कुठल्याशा दुसऱ्या रचनेच्या चार तबकड्या एकदम चढवल्या. खालची वाजली. ती संपल्याबरोबर वरची आपोआप खट् करून खाली पडली आणि वाजू लागली. मी तोंडाचा आ करून पाहत होते.

"अन् पहिलीची दुसरी बाजू?" मी विचारलं.

"ती लगेच नाही वाजत. चारी तबकड्यांच्या वरच्या बाजू आधी वाजतात. मग सगळा गठ्ठा उचलायचा आणि पालथा घालायचा. अशा यंत्रांसाठी तबकड्याच तशा बनवतात ना. पहिल्या बाजूच्या पाठीवर शेवटची असते." त्यांनी गठ्ठा पालथा घालून दाखवला. "तुमच्या त्या साहेबाकडं असंच यंत्र असन. तुमचा संच तसलाच दिसते, मी रात्री खोका पाहिला."

मी काहीतरी निमित्त सांगून खोलीत आले आणि दार लावलं. खोका उघडला, तबकड्या खिडकीपाशी उजेडात धरल्या. टाचणीनं ओरखडल्यासारखे ते बारीक आकडे. चारही वरच्या बाजूंवर ते एकेकानं वाढत होते, आणि मग चौथीच्या पाठीवरून पहिलीच्या पाठीपर्यंत पुढे वाढत परत येत होते. मी सात वर्षांपूर्वी हे पाहिलं होतं आणि खेळायला गेले होते.

मी दोन नंबरची चिठ्ठी लावली होती ती बाजू खरी आठवी. तो कडकडाट, ते नगारे, तो भरगच्च सूर, तोच शेवट. आणि आमचा संन्यास, आमचा अनुत्तरित प्रश्न, ज्याच्यावर बागवाले काका रडायचे, तो मधलाच कुठला तरी तुकडा. तिथं तबकडी संपायची, रचना संपायची नाही. वरात आधी आणि साखरपुडा मागून. आईनं एका वाक्यात सांगितलं होतं. मी खाली बसले.

आता काय करायचं? सभा चार वाजता. गप्प राहिले तर दोनच गोष्टी होणार होत्या. वकीलसाहेबांचं यंत्र आपल्या रीतीनं खरा क्रम वाजवणार आणि अण्णा वहीत बघून गृहस्थाश्रम सांगत असताना भलतंच काही वाजणार. नाहीतर मी हट्टानं हातानं एकेक बाजू लावणार, आणि दुसऱ्याच बाजूला शेवट ऐकून जज्जसाहेब खुर्चीत सरळ बसणार. दोन्हीकडून अण्णांची फजिती, तीही ज्या दिवसासाठी ते पंधरा दिवस झोपले नव्हते त्या दिवशी. आणि सांगितलं तर त्यांच्या हातातलं सगळंच मी काढून घेणार. मी त्यांच्यावर सात वर्षं चिडत होते, त्यांच्या त्या वर केलेल्या हातावर चिडत होते. त्या सकाळी मला ते फार म्हातारे वाटले.

जेवणं झाली. एक वाजला, दीड वाजला. अण्णा मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर वही चाळत बसले होते, ओठ हलत होते. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. दोन्ही वेळा त्यांनी वर पाहिलं आणि हसून विचारलं, "काहून फिरून राहिली? घाबरली काय? भाषण मले द्यायचं हाय." तिसऱ्यांदा मी गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लेबलं, डिंक, अंदाजानं टाकलेले आकडे, कारखान्याचे ओरखडे, मी म्हटलेलं "हो", विजेचं यंत्र. आईबद्दल काही बोलले नाही.

अण्णांनी वही मिटली. मी शिव्यांची वाट पाहत होते, एखादी थप्पड बसली असती तरी मला बरं वाटलं असतं.

"शेवट कोनता मंग?" त्यांनी विचारलं.

"दोन नंबरचा."

"थो नगाऱ्याचा?"

"हो."

"जाय," ते म्हणाले. "खोका तयार कर."

ते काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. टांग्यात बागवाले काका त्यांना धीर देत होते, "मास्तर, बिनधास्त बोला," आणि प्रत्येक वेळी मला टांग्यातून उडी मारावीशी वाटत होती.

वाचनालयाचं सभागृह भरलेलं. डाव्या हाताला सतरंजीवर बायका, समोर खुर्च्या, पहिल्या ओळीत जज्जसाहेब, पांढऱ्या मिशा, हातात काठी. मी यंत्रापाशी उभी राहिले. वकीलसाहेबांनी अण्णांची ओळख करून दिली, त्यात "व्यासंग" हा शब्द तीनदा आला. अण्णा उठले. वही त्यांच्या हातात होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, पालथी.

"मी आज व्याख्यान देणार होतो," ते म्हणाले. "सात वर्षं मी ही रचना ऐकतो आहे, दर रविवारी लोकांना समजावून सांगतो आहे. आज दुपारी कळलं की मी ती चुकीच्या क्रमानं ऐकत होतो. शेवट दुसराच होता. तबकड्यांवर आकडे टाकताना माझ्या हातून चूक झाली. तेव्हा मला समजावून सांगण्यासारखं काही नाही. मीही तुमच्याबरोबर पहिल्यांदाच ऐकणार आहे."

माझ्या हातून, म्हणाले. मी मान खाली घातली. सभागृहात कुजबूज झाली, मागे कोणीतरी फिसकन हसलं. अण्णा चालत आले आणि पहिल्या ओळीत जागा नव्हती म्हणून बागवाले काकांच्या शेजारी तिसऱ्या ओळीत बसले. मी बटण दाबलं.

पहिली बाजू ओळखीची होती. ती संपली, दुसरी तबकडी खट् करून पडली, आणि आमच्या तीन नंबरच्या बाजूनं पहिलीचं बोट धरून पुढं चालायला सुरुवात केली. मी ती बाजू शेकडो वेळा ऐकली होती, पण ती कुठून आलेली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. चार तबकड्या झाल्या. मी गठ्ठा उचलला. पालथा घातला. आता आमचा आठ नंबर. सगळी वाद्यं गप्प होत गेली, ते एक वाद्य वर चढलं, त्यानं आपला प्रश्न विचारला. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडा वर उचलला गेला होता, सवयीनं.

खट् करून तबकडी पडली आणि व्हायोलिनांनी उत्तर द्यायला घेतलं.

"अरे, हे तं पुढं हाय!" बागवाले काका भर सभेत मोठ्यानं म्हणाले. यावेळी कोणी हसलं नाही. अण्णांचा हात हळूहळू खाली आला. पुढच्या तीन बाजू मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यात शेवटी माझी दोन नंबरची चिठ्ठी फिरायला लागली. तो कडकडाट आमच्याकडे नेहमी उगाच अंगावर आल्यासारखा वाटायचा. इथं तो सगळी वाट चालून आला होता. शेवटचा लांब सूर थांबला तेव्हा बायकांच्या बाजूनं कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला. संपलं होतं. कोणालाही सांगावं लागलं नाही.

टाळ्या झाल्या. जज्जसाहेब काठी टेकत अण्णांजवळ आले आणि हसत म्हणाले, "मास्तर, उलटसुलट ऐकूनही सात वर्षं आवडलं तुम्हाला?"

"आवडलं," अण्णा म्हणाले.

"आणि आज?"

"ते घरी गेल्यावर कळेल."

जज्जसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. फजिती झाली नव्हती. वकीलसाहेब तर पुन्हा या म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण अण्णा टाळ्या वाजवत नव्हते हे मी पाहिलं होतं. ते सारखे त्या बायकांच्या सतरंजीकडे बघत होते.

परतीची गाडी संध्याकाळची. बागवाले काका कोपऱ्यात झोपी गेले. खोका माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरला गाडी थांबली. ती पुन्हा हलल्यावर अण्णा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "तुझी माय बोलली होती."

"हो."

"वरात आधी अन् साखरपुडा मागून."

"हो, अण्णा."

"तिले कोनी शिकवलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून तिनं आयकलं, अन् तिले समजलं. अन् मी तिले हळदीकुंकवाचं बोललो. सात मानसाइच्या समोर." ते अजून बाहेरच बघत होते. "मले वाटलं, मले समजते."

मघाशी मी लिहिलं की सगळे हसले. त्या सगळ्यांत मी होते. अण्णांचं वाक्य मजेशीर होतं, पाहुणे हसत होते, आणि आई बरोबर निघाली तर माझे आकडे चुकीचे निघणार, हे मला तेव्हाही आतून कळत होतं. म्हणून मी सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानंच हसले होते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या गाडीत मला ते धरून ठेवता येईना.

"मीबी हसली होती, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "मी हसलो तवा थे बसूनच होती. माझ्या हसन्याची तिले सवय होती. तू हसली, तवा थे उठली."